टेम्पोत पोती चढवत होते ती मीच

ती. आई आणि बाबा,

नमस्कार. तुमच्याकडं पाऊस लागला की रेंज जाते, दोन वाक्यं झाली की फोन कट, आणि परवा बाबांनी जे विचारलं ते मला असं तुटक सांगायचं नव्हतं, म्हणून लिहायला बसले.

होय, वडगावात टेम्पोत पोती चढवत होते ती मीच. काकांनी बरोबर बघितलं. घरात काही कमी पडलंय, ह्यांचं काम सुटलंय असलं काही नाही, तेवढं आधी मनातनं काढून टाका. आमच्या संघातल्या पाच बायका मिळून आम्ही गल्लीतल्या चाळीसेक घरांतलं प्लास्टिक घेतो, माझ्या मागच्या पडवीत वेगळं करतो आणि महिन्यातनं एकदा विकतो.

बाबा, तुम्ही म्हणालात "पोरगी गुजरी गोळा करते असं लोक बोलाल्यात". मला रात्रभर तोच शब्द आठवत राहिला. आईच्या पाटल्या तुम्ही कोल्हापूरच्या गुजरीतनं, सोनारांच्या पेठेतनं, आणलेल्या, आणि इथं कन्नडात गुजरी म्हणजे भंगार. पण त्या पाटल्या घ्यायला तुम्ही जसे वजनाला डोळ्यात तेल घालून उभे राहिलात ना, तशीच मी पण काट्यापुढं उभी राहते. पहिल्या महिन्यात एका दुकानात आम्हाला काट्यातच मारलं, घरी अकरा किलो भरलेलं पोतं तिथं साडेआठ झालं, रडायलाच आलं मला. तेव्हापासून घरातनं निघतानाच स्प्रिंगच्या काट्यावर तोलते आणि पोत्यावर मार्करनं आकडा घालते. दुकान पण बदललं.

सगळं एकत्र दिलं की भंगारवाला सगळ्यात हलक्या मालाचा भाव लावतो, म्हणून खरं काम वेगळं करण्यात आहे. डब्या-बाटल्यांच्या बुडाला त्रिकोणात बारका आकडा असतो बघा, 1 म्हणजे पाण्याची नि कोल्ड्रिंकची बाटली, 2 म्हणजे शाम्पूची बाटली, कॅन, 4 बहुतेक दुधाच्या पिशवीसारखं मऊ, 5 म्हणजे आइस्क्रीमचे डबे वगैरे. आकडा पुसला असेल तर कात्रीनं तुकडा कापून बादलीत टाकायचा. पाण्याच्या बाटलीचा तुकडा सरळ तळाला जातो आणि तिच्याच झाकणाचा तुकडा वर तरंगतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी चार-पाच वेळा टाकून बघितलं. मोठ्या कारखान्यात पण बाटल्यांचा चुरा करून असाच पाण्यात वेगळा करतात, गरम पाण्यात धुतात आणि त्याचा धागा काढतात. आई, तुझ्या त्या नवीन उशीत जो कापूस आहे ना पॉलिस्टरचा, तो असल्याच बाटल्यांचा असू शकतो.

पैसे फार नाहीत, खोटं कशाला सांगू. पाण्याच्या बाटल्यांना किलोला पंधरा-अठरा रुपये मिळतात आणि एक किलो व्हायला लिटरच्या चाळीस-पन्नास बाटल्या लागतात. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी तर जेमतेम तीन ग्रॅमची, साडेतीनशे पिशव्या जमल्या तर कुठं किलो. टेम्पोचं भाडं वजा जाऊन गेल्या महिन्यात प्रत्येकीला चारशे वीस आले. पावसात कमी येतात, माल ओला असला की वजन कापतात. पण ते चारशे वीस माझे आहेत, कुणाला हिशेब द्यावा लागत नाही, त्यातनंच बारक्याची वह्या-पुस्तकं आणली.

आता खरं ज्याच्यासाठी लिहाय बसले ते. बाबा, पावसात लाकडं ओली असतात म्हणून तुम्ही बंब पेटवताना तेलाच्या पिशव्या घालता, मागं तर पाइपचे तुकडे पण घातलेले मी बघितले. पाइप पीव्हीसीचा असतो, तो जळला की ॲसिडचा वायू सुटतो, घशाला झोंबतं ते त्यानंच, आणि डायऑक्सिन नावाचं विष पण तयार होतं. कुरकुऱ्याची आतनं चांदीसारखी पाकिटं कुणीच विकत घेत नाही, ती सिमेंटच्या भट्टीत जाळायला पाठवतात, तिथं चौदाशे डिग्रीच्या वर आच असते. आपल्या बंबात कुठली तेवढी आच, सगळा धूर न्हाणीघरातच फिरतो. आणि त्याच बंबाची राख आई भांड्याला घेते. तुमचा खोकला पावसाळा सरला तरी जात नाही, डॉक्टरनं विडी विचारली, तुम्ही कधी ओढली नाही, पण बंबाचं कुणी विचारलंच नाही. पुढच्या वेळी मी बरोबर येते आणि मीच सांगते त्यांना.

पेटवायला मी सुकी सोडणं पाठवते, इथं आमच्या मागं नारळाची पडून आहेत. आणि प्लास्टिकसाठी दोन पोती. एकात कडक, एकात मऊ, बस्स, बाकीचं वेगळं मी करते. आई, नंदिनी दुधाची पिशवी कापताना कोपरा पार तोडू नकोस, नुसती चीर दे, तो बारका तुकडा मग नाल्यात जातो नाहीतर म्हशीच्या पोटात. पिशवी पाण्यातनं काढून दोरीवर वाळत घाल, नाहीतर दोन दिवसात वास मारते.

रविवारच्या सकाळच्या गाडीनं येते. पोती भरली नसली तरी चालतील, तशीच घेऊन जाईन. आणि बाबा, गोठ्यामागं पाइपचे तुकडे ठेवलेत ते पण काढून ठेवा, मला आठवतंय कुठं आहेत ते.

तुमची,
बाळी