गाण्याची डबी घेण्याआधी

राजारामपुरी, कोल्हापूर
आषाढातला एक रविवार

प्रिय बंड्या,

तुझा मेसेज मिळाला. 'तुमच्याकडं म्हणे सगळ्यांकडं म्युझिक प्लेअर आहेत, मी कुठला घेऊ?' एवढंच लिहिलंस आणि पुढं एक अंगठा. याचं उत्तर अंगठ्यानं देता येत नाही मर्दा, म्हणून हे पत्र. इथं पाऊस धरून बसलाय, राजाराम बंधारा पाण्याखाली गेलाय, आज कुठं जायचंही नाही. चहा घेऊन निवांत बस, लांबणार आहे.

मुळात हा प्रकार मेलेला आहे असं दुकानदार सांगतात, आणि त्यांचं अगदीच खोटं नाही. २००१ च्या ऑक्टोबरात पहिला आयपॉड आला तेव्हा ५ जीबीत हजार गाणी, याचं केवढं अप्रूप होतं! त्याआधी १९९८ मध्ये निघालेल्या पहिल्या प्लेअरांत ३२ एमबी जागा असायची. बऱ्या दर्जाच्या एमपीथ्रीला मिनिटाला साधारण एक एमबी लागते, म्हणजे अर्ध्या तासात मैफल खलास. पुढं फोननंच सगळं गिळलं आणि मे २०२२ मध्ये ॲपलनं आयपॉडचं उरलेलं शेवटचं मॉडेलही बंद करून टाकलं. तरी छोट्या-मोठ्या कंपन्यांचे प्लेअर अजून निघतात, आणि आमच्या नात्यागोत्यात ते शिरलेत. प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाला विचारशील तर म्हणेल आजच घे, दुसरा म्हणेल पैसे रंकाळ्यात टाक. दोघंही आपापल्या जागी खरे आहेत, हीच तर पंचाईत.

आबांपासून सुरू करतो. त्यांना फोनवर गाणी लावून दिली होती, पण मधेच कुणाचा तरी फोन यायचा, नाहीतर कर्जवाल्या पोरीचा आवाज, आणि अभंग तुटायचा तो तुटायचाच. म्हणून बटणांचा एक साधा स्वस्तातला प्लेअर आणून दिला. ते त्याला 'डबी' म्हणतात. डबी त्यांना आवडली ती बटणांमुळं. सदऱ्याच्या खिशात हात घालून, न बघता, पुढचं-मागचं करता येतं. पहाटे अंधारात चष्मा शोधावा लागत नाही. टचस्क्रीनवाल्यांना हे कधी कळलंच नाही बघ.

पण त्या डबीला मराठी वाचता येत नाही. गाण्यांना मी हौसेनं देवनागरीत नावं दिली होती. पडद्यावर नुसते चौकोन. नंतर आणलेल्या दुसऱ्या प्लेअरवर अक्षरं दिसली, पण जोडाक्षरं फुटलेली आणि वेलांट्या भलत्याच अक्षरावर बसलेल्या. अशा यंत्रात देवनागरीचा फाँट नसतो, आणि असला तरी काना-मात्रा-वेलांटी जुळवून दाखवणारा भाग नसतो. आबा म्हणाले, 'हे तुकोबा आहेत का कानडीतलं कोण आहे?' शेवटी नावांचा नादच सोडला. फोल्डरला नुसते आकडे दिले, ०१ भूपाळ्या, ०२ अभंग, ०३ नाट्यगीतं, आणि आबांनी त्याची यादी स्वतःच्या हातानं एका पुठ्ठ्यावर लिहून देवघराशेजारी लावली. आता त्यांचं उत्तम चाललंय.

क्रमाचा गोंधळ मात्र निराळाच. स्वस्त प्लेअर गाणी नावाप्रमाणं वाजवत नाहीत, ती कार्डावर ज्या क्रमानं लिहिली गेली त्या क्रमानं वाजवतात. कॉम्प्युटरवर सगळं शिस्तीत दिसतं आणि डबीत भूपाळीच्या आधी भैरवी येते. यावर उपाय म्हणजे कार्ड पूर्ण पुसायचं आणि एकेक फोल्डर क्रमानं चढवायचं, नाहीतर हा क्रम लावून देणारं एखादं सॉफ्टवेअर वापरायचं. आणि आकडा घालताना १, २ असा न घालता ०१, ०२ असा घालायचा, नाहीतर १ नंतर १० येतो आणि २ बिचारा मागं राहतो.

मामींचं प्रकरण त्याच्या उलट. त्यांना गाण्यांशी देणंघेणं नाही, रेडिओ पाहिजे. एफएम असलेला प्लेअर घेतला आणि पोरानं प्रेमानं ब्लूटूथ इअरफोन दिले. रेडिओ काही लागेना. मामी चार लोकांत सांगत सुटल्या, 'फसवलं मेल्यानं.' दुकानदार फसवणारा नव्हता. अशा प्लेअरात एफएमची अँटेना म्हणजे इअरफोनची वायरच. वायर नाही तर रेडिओ नाही. साधा वायरचा इअरफोन लावून दिला आणि आकाशवाणी कोल्हापूर खणखणीत लागलं. तरी मामी अजून त्याला नावं ठेवतात, कारण एकदा नावं ठेवली की मागं घ्यायची पद्धत आपल्याकडं नाही.

आता मेव्हण्याचं ऐक, कारण तू त्याच्याच वाटेनं जाशील अशी मला धास्ती आहे. गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत त्याची नोकरी. गेटवर फोन जमा करावा लागतो, कॅमेरा आत चालत नाही. जेवणाच्या सुट्टीत काहीतरी कानात हवं म्हणून त्यानं प्लेअर घ्यायचं ठरवलं. इथवर ठीक. पण इंटरनेटवर वाचत बसला आणि थेट अँड्रॉइडवाला, भारीतला, हाय-रिझोल्युशन प्लेअर घेऊन आला. किंमत बहिणीला अजून खरी सांगितलेली नाही, तूही बोलू नकोस.

आवाज भारी आहे, यात वाद नाही. मी माझं कार्ड घालून, चांगला वायरचा हेडफोन लावून ऐकलाय. तंबोऱ्याची जवारी आणि तबल्याच्या बायाची घुमक नीट वेगवेगळी ऐकू येते. पण महाराज ऐकतात कसा? ब्लूटूथनं! अरे, ब्लूटूथ लावला की प्लेअरमधली ती महागडी चिप बाजूलाच राहते. आकड्यांचा आवाज करायचं काम तेव्हा इअरफोनमधली बारकी चिप करते. ज्याचे पैसे मोजले तेच वापरायचं नाही, असा हा कारभार. वर अँड्रॉइड असल्यामुळं चालू व्हायला वेळ, अपडेट, गरम होणं, बॅटरी संध्याकाळपर्यंत धापा टाकते. म्हणजे फोनचे सगळे आजार आणि फोन करता येत नाही.

शिवाय त्याला १९२ किलोहर्ट्‌झच्या, २४ बिटच्या फायली हव्यात. सीडीचा दर्जा ४४.१ किलोहर्ट्‌झ आणि १६ बिट. पहिला आकडा सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने टिपले त्याचा, दुसरा एकेक नमुना किती बारकाईनं मोजला त्याचा. माणसाच्या कानाला त्यापुढं फारसं काही कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे, आणि यावरून आमचं दर दिवाळीला भांडण होतं. नव्या ध्वनिमुद्रणाचं एकवेळ सोड, पण तो जुन्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या तबकड्यांच्या असल्या फायली उतरवतो. तबकडीतच जे नाही ते फायलीत कुठून येणार? खरखर तेवढी जास्त टोकदार होते. अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या केसरबाई केरकर यांची साडेतीन मिनिटांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात गेली, सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर. आमच्या गावच्या दरबारात गायलेल्या खाँसाहेबांचं घराणं सगळ्या ग्रहांच्या पार पलीकडं पोचलं, कुणी बिटरेट विचारला नाही. हे मी मेव्हण्याला सुनावलं तर म्हणतो, 'त्यांच्याकडं हेडफोन कुठला असेल पण?' याच्यापुढं काय बोलणार!

सगळ्यात खूश कोण असेल तर भाची. गारगोटीहून येऊन आमच्याकडं राहते, एमपीएससी करते. अभ्यासिकेत फोन नेला की अभ्यास रील्सवर जातो, हे तिचं तिनंच ओळखलं आणि फोन घरी ठेवायला लागली. तिच्याकडं चिमटा लावायचा अंगठ्याएवढा प्लेअर आहे, पडदासुद्धा नाही. त्यात गाणी थोडी आणि तिच्याच आवाजातल्या नोट्स जास्त. राज्यघटनेची कलमं, पंचवार्षिक योजना, नद्या-उपनद्या, सगळं घरातल्या मोठ्या प्लेअरवर रेकॉर्ड करून यात चढवते आणि रंकाळ्याला फेऱ्या मारताना ऐकते. तक्रार विचारली तर म्हणाली, 'मामा, यात तक्रार करण्याएवढं काही नाहीच.' मला ते फार पटलं. ज्यात एकच काम आहे ते बिघडायलाही कमी जागा.

माझं स्वतःचं सांगायचं तर मी ख्यालाचा माणूस, तुला ठाऊक आहे. माझा जुना प्लेअर एका बाबतीत डोक्यात जायचा: विलंबित संपून द्रुत सुरू होताना मधे कचकन तुटायचं. एमपीथ्री बनवतानाच फायलीच्या सुरुवातीला नि शेवटी चिमूटभर शांतता चिकटते. प्लेअरला ती काढता आली तर सलग वाजतं, नाहीतर खड्डा पडतो. सिनेमाच्या गाण्यांना हे जाणवत नाही. पण इथल्या देवल क्लबात, म्हणजे गायन समाजात, बसून ऐकलेल्या माणसाला समेच्या तोंडावर खड्डा म्हणजे शिक्षा. घेताना 'गॅपलेस' आहे का, हे विचारून घे. दुकानदाराला कळलं नाही तर सलग ध्वनिमुद्रणाचे दोन तुकडे कार्डात घालून ने आणि तिथंच वाजवून बघ.

तो प्लेअर गेला कसा, तेही ऐक. एप्रिलात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिला आणि बॅटरी फुगली, मागचं झाकण वर आलं. लिथियमची बॅटरी फुगली की ती दाबायची नाही, टोचायची नाही, चार्जिंगला तर मुळीच लावायची नाही. दुरुस्तीवाल्यानं बघितलं आणि हात जोडले. त्या मापाची बॅटरी मिळतच नाही म्हणाला. अशा वस्तू उघडून बदलता येतील अशा बनवायच्याच नाहीत, हे धोरण मला सरळ हलकटपणाचं वाटतं.

तर आता तुझं. तू लिहिलं नाहीस, पण मला माहीत आहे: तुझ्याकडं ती जुनी हार्ड डिस्क आहे, कॉलेजपासून जमवलेली गाणी आहेत, आणि हिंजवडीच्या बसमध्ये रोज जाता-येता वेळ आहे. म्हणजे तुला प्लेअर कामाचा आहे. ज्याच्याकडं स्वतःची गाणीच नाहीत, सगळं ॲपवर ऐकतो, त्यानं या फंदात पडू नये. रिकामी डबी घेऊन काय करणार? आमच्याकडं ज्यांचं जमलं आणि ज्यांचं फसलं त्यांच्यात फरक एवढाच दिसतो की जमलेल्यांच्या मागं बसून डबी भरणारं कुणीतरी होतं. आबांना मी होतो, भाची स्वतःची स्वतः. मेव्हण्याच्या त्या भारी यंत्रात अजून दुकानातून आलेलं डेमोचं गिटारच आहे, आणि त्या हाय-रिझोल्युशन फायली लॅपटॉपवर पडून आहेत.

मधल्या किमतीतला घे. बटणं पाहिजेत, ३.५ मिलिमीटरचा जॅक पाहिजे, कार्डाला खाच पाहिजे, चार्जिंग टाइप-सीचं. ६४ जीबीचं कार्ड पुष्कळ झालं. चांगल्यातल्या चांगल्या एमपीथ्रीत चारशे तासांहून जास्त गाणं बसतं. मात्र एवढी मोठी कार्डं एक्सफॅट पद्धतीनं फॉरमॅट करून येतात आणि साधे प्लेअर ती वाचतच नाहीत. तुला वाटेल कार्ड खराब, कार्डाला वाटेल तू. ते फॅट-३२ मध्ये फॉरमॅट करून घ्यावं लागतं. आणि रस्त्यावरच्या गाड्यावरून कार्ड घेऊ नकोस. वर १२८ लिहिलेलं असतं, आत ८ असतं, आणि त्यापुढची गाणी भरली असं दाखवून गायब होतात.

आवाजाचंही एक. बसच्या घरघरीवर मात करायला तू आवाज चढवणार, तुझी खोड मला माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेनं मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास ही मर्यादा सांगितलीय, आणि आवाज थोडा चढला की तास भराभर कमी होतात. त्यापेक्षा कानात घट्ट बसणारे रबराचे बोंडवाले इअरफोन घे, बाहेरचा आवाज आपोआप दबतो.

गणपतीला येणार आहेस ना? हार्ड डिस्क घेऊन ये. एक रात्र बसू, कार्ड क्रमानं भरून देतो. इअरफोन मात्र तिकडूनच वायरचा घेऊन ये. इथं मागितला तर पोरगं असं बघतंय जणू मी स्टोव्हच्या पिना मागतोय.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझा,
पप्या

ता. क. आबा विचारतात, तुझ्या डिस्कवर जुनी नाट्यगीतं असतील तर ०३ नंबरच्या फोल्डरात जागा आहे. रिमिक्स नकोत, असं दोनदा बजावलंय.