फाल्गुनात पेटुनिया लावायला सांगू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मार्चच्या पहिल्या रविवारी आपल्या पुरवणीत वसंतातल्या बागेवर एक सचित्र लेख आला होता. थंडी सरली, हवा उबदार झाली, तेव्हा पेटुनिया, पॅन्झी, स्वीट पी लावायची हीच वेळ, असं त्यात होतं. फोटो फार सुंदर होते. मी त्याच दिवशी संध्याकाळी रोपवाटिकेत जाऊन पेटुनियाची बारा रोपं आणली. पंचवीस रुपयांना एक, म्हणजे तीनशे रुपये झाले. रोपवाटिकेतल्या पोराने 'आत्ता?' एवढं विचारलं आणि पैसे घेतले. त्या 'आत्ता'कडे मी लक्ष द्यायला हवं होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी बारावं रोप गेलं. कुंड्यांमध्ये उरलं ते शेवयांच्या चुऱ्यासारखं काहीतरी.

पत्र तीनशे रुपयांसाठी नाही. तेवढे माझे इतर प्रयोगांतही जातात. पण माझ्यासारखी आणखी किती जणांनी त्या रविवारी रोपं आणली असतील, म्हणून लिहितोय.

मी चौतीस वर्षं यंत्रमागावर जॉबर होतो. बाहेरगावच्या वाचकांसाठी सांगतो, जॉबर म्हणजे बंद पडलेला माग चालू करणारा माणूस. आता निवृत्त आहे. घर पूर्व भागात, वर अठरा बाय बावीस फुटांची गच्ची, त्यात रंगाचे डबे धरून ४१ कुंड्या. सोलापुरात पेटुनियाचं बी सप्टेंबर-ऑक्टोबरात टाकतात. संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या जत्रेच्या, म्हणजे आमच्या गड्ड्याच्या सुमाराला ते भरात असतं आणि होळीला उपटून टाकायचं असतं. ज्या मुलखात मार्च-एप्रिलात बर्फ वितळतो, तिथे तेच रोप वसंतात लावत असतील. त्यांचं त्यांना बरोबर आहे. आमचा वसंत म्हणजे चैत्र-वैशाख. गेल्या आठवड्यात आमच्याकडे पारा ४१ च्या पुढे होता. या दिवसांत आम्ही नवीन फार थोडं लावतो. जे आहे ते उन्हातून पार कसं न्यायचं, एवढंच बघतो. पण म्हणून गच्ची ओसाड असते असं कोणी समजू नये.

मोगऱ्याचंच घ्या. गड्डा संपला की मी मोगऱ्याच्या चारही कुंड्यांचं पाणी तोडतो. सांगोल्याकडचे डाळिंबवाले बहार धरायला झाडाला ताण देतात ना, तसंच, फक्त कुंडीच्या मापाने. आठ-दहा दिवसांत पानं मलूल होतात. मग फांद्या निम्म्याने छाटायच्या, उरलेली पानं हाताने ओरबाडायची, वरची माती मोकळी करून शेणखत घालायचं आणि भरपूर पाणी द्यायचं. पहिल्या वर्षी बायकोने ती बोडकी झाडं पाहिली आणि दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. यंदा होळीच्या आत कळ्या दिसल्या. आता रोज पहाटे पन्नास-साठ कळ्या निघतात. तिचा गजरा होतो, शेजारच्या अक्कांचा होतो, आणि उरलेल्या दोन-चार कळ्या माठात पडतात.

याच मोगऱ्याचं मागच्या उन्हाळ्यात मी वाटोळं करत आणलं होतं. आमच्या गल्लीत पाणी रोज येत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी येतं. गच्चीवर २०० लिटरचे दोन निळे ड्रम आहेत. त्यातला एक घराचा, एक बागेचा. कुंडीला दिवसाला लिटरभर, वेलांना थोडं जास्त, म्हणजे रोजचे पन्नास लिटर. चार दिवसांत ड्रम रिकामा. पाचव्या दिवशी पाणी आलं नाही की माझी गाळण उडते. तेव्हा डोकं चालवून आरओचं वाया जाणारं पाणी बागेला सुरू केलं. महिन्याभरात कुंड्यांच्या कडांवर पांढरे थर चढले, मोगऱ्याची पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. गाळून वेगळे काढलेले क्षार ज्यात जातात तेच पाणी ते, आणि मी ते झाडाला पाजत होतो! मातीत लोह असूनही अशा वेळी मुळांना ते घेता येत नाही. वरची चार बोटं माती बदलली, दोनदा चांगलं पाणी भरून क्षार खाली निथळू दिले. आरओचं पाणी आता फरशी पुसायला जातं. झाडांना तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी मिळतं, त्यावर कोणाची तक्रार नाही.

भाज्यांमध्ये मेथी, पालक, मुळा यांचा कारभार फाल्गुनातच आटोपतो. कोथिंबिरीला तुरे आले की मी उपटत नाही. त्या पांढऱ्या फुलांवर मधमाश्या येतात, आणि पुढे धणे मिळतात. टोमॅटोला फुलं येतात पण धरत नाहीत, गळतात. पस्तीस अंशांच्या वर त्याचं असंच असतं. त्याला खत घालून उपयोग नाही, हे आपल्या लेखात यायला हवं होतं. गवार, चवळी, भेंडी मात्र उन्हाला भीत नाहीत. चवळीवर काळा मावा पडतो आणि त्या माव्याच्या राखणीला मुंगळे हजर असतात. साबणाच्या पाण्याचा फवारा दोन-तीनदा मारला की भागतं.

माझा खरा जीव दोडक्यात. गड्ड्यानंतर ड्रम अर्धा कापून त्यात बी टोकलं, होळीला वेल तारेवर गेला. फुलंही आली, घोसाने आली. पण एकही दोडका धरेना. आठ दिवस मी खताला, मातीला, बियाणेवाल्याला शिव्या घातल्या. मग एका संध्याकाळी गच्चीवर बसलो असताना लक्षात आलं की ही फुलं सकाळी उघडतच नाहीत. दिवस कलल्यावर उघडतात, आणि तेव्हा मधमाश्या घरी गेलेल्या असतात. शेतात रात्रीचे पतंग हे काम करतात. आमच्या तिसऱ्या मजल्यावर पतंग येतात ते ट्यूबलाइटपाशी. घोसातली ती नराची फुलं. मादीचं फूल एकटं असतं आणि त्याच्यामागे बोटाच्या पेराएवढा दोडका आधीपासून असतो, ओळखायला सोपं. नातीच्या रंगपेटीतला ब्रश घेतला आणि संध्याकाळी साडेसहाला नराचा पराग मादीला लावायला सुरुवात केली.

शेजारच्या गच्चीवरून अक्का बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊ, फुलं रंगवायलाव काय?"

काय करतोय ते सांगितलं. अक्कांचं घर तेलुगू, त्या दोडक्याला बीरकाय म्हणतात. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग आमची बीरकाय कधी?" त्या आठवड्यात सात दोडके धरले, त्यातले दोन त्यांच्याकडे गेले. दुधीचंही तसंच, त्याची पांढरी फुलंही संध्याकाळचीच. काकडी आणि कारलं सकाळचं गिऱ्हाईक, त्यांना माझी गरज नाही. एक मात्र आहे, कोवळ्या फळावर फळमाशी बसते आणि आत अळ्या होतात, म्हणून फळ धरलं की मी त्याला जुन्या ओढणीची पिशवी घालतो. वेलाला पिशव्या लटकलेल्या पाहून नात म्हणते, आजोबांच्या झाडाला पाकिटं लागली.

आता सावलीची गोष्ट. हिच्यात मी जॉबर असल्याचा थोडा गर्व आड आला. हिरवी शेडनेट विकत कशाला आणायची, घरात सोलापुरी चादरी पडून आहेत, असं म्हणून तारेवर दोन जुन्या चादरी घातल्या. तार वाकली. खाली इतका अंधार झाला की भेंडी पांढुरकी होऊन लांबच लांब वाढली. शेवटी ५० टक्क्यांची, म्हणजे अर्धं ऊन अडवणारी जाळी आणली. कात्री लावली तर कडेचे धागे सुटत नाहीत, म्हणून भिंग घेऊन बसलो. तिला ताणा-बाणा नाहीच, नुसते एकात एक अडकवलेले फासे. स्वेटरसारखी गुंफलेली. आयुष्यभर मागाजवळ काढलं आणि हे आज कळतंय, याची जरा लाज वाटली.

चार रंगाच्या डब्यांत सिमेंट ओतून पाइप उभे केले, जाळी कायमची ताणून बांधली, हात झटकले. दुसऱ्या दिवशी सकाळी बायको वर आली ती चिकाचं पातेलं आणि सोऱ्या घेऊन. तीन दिवस भिजवलेला गहू, रोज पाणी बदललेलं, वाटून, गाळून, निवळून काढलेला चीक. वर्षाच्या कुरडया आमच्या गच्चीवरच होतात आणि त्यांना कडकडीत ऊन लागतं. आणि मी ऊन झाकून ठेवलेलं.

"अहो, ही सावली उचला. कुरडया आंबायल्यात."

उचलायची कशी? बांधताना मीच अशा गाठी मारल्या होत्या की सोडायला दीड तास लागला. त्या दिवशीच्या कुरडया अर्ध्या माझ्या आळसाने आणि अर्ध्या खरोखर आंबट झाल्या. तळल्यावर लागतं, पण बोलायची सोय नाही. त्याच रात्री बसून दुसरी रचना केली. दोन बाजूंना दोन तारा, जाळीला पडद्यासारख्या कड्या, एका टोकाला कप्पी आणि त्यातून दोरी. दोरी ओढली की जाळी सरकते, सोडली की परत येते. मागावर नक्षी काढणाऱ्या जकार्डच्या दोऱ्या लावलेल्या हाताला हे अवघड नव्हतं, पहिल्यांदाच सुचायला हवं होतं. आता नऊ ते बारा गच्ची बायकोची आणि बारा ते पाच माझी. पापडांच्या दिवशी ती एक वाजेपर्यंत ताबा सोडत नाही. तेव्हा मी मिरचीच्या कुंड्या हाताने उचलून जिन्याच्या सावलीत नेतो आणि कंबर धरून बसतो.

मातीचा मडका पुरून पाणी द्यायची जुनी पद्धत अनेकांना माहीत असेल. गळ्यापर्यंत पुरायचा, पाणी भरून वर झाकण, पाणी झिरपत मुळांना जातं. मी बाजारातून छान नक्षीचा मडका आणून कारल्याच्या टपात पुरला. चार दिवस झाले तरी पाण्याची पातळी तेवढीच. नक्षीखाली ऑइलपेंट होता! दुसरा साधा, लाल, न रंगवलेला आणला, तो दोन दिवसांत रिकामा होतो. नक्षीचा मडका आता देवघरापाशी आहे, बायकोला तो आवडला.

तर माझी विनंती अशी. आपल्या पुरवणीत बागेचं पान जरूर असावं, पण त्यातला महिना इथला असावा. कोणत्या गावासाठी लिहिताय ते तरी वर छापा. महाबळेश्वरला जे एप्रिलात जगेल ते सोलापुरात जगणार नाही, आणि कोकणातल्या दमट उन्हाचं गणित आणखी वेगळं. उन्हाळ्यात टिकणारी फुलं आमच्याकडेही आहेत. झिनिया, गॅलार्डिया, सदाफुली, आणि सकाळी नऊ-दहाला उघडणारं ऑफिस टाइम. त्यांचे फोटो छापायला काय हरकत आहे? ऑफिस टाइमची तर काडी खोचली तरी येते, रुपयाचा खर्च नाही. तिथी-सणांवर बसवलेलं वेळापत्रक आमच्यासारख्यांना पटकन लक्षात राहतं. गड्ड्याला काय पेरायचं, होळीला काय उपटायचं, पाडव्याला सावली. अक्षय्य तृतीयेला आळी करून वेलांचं बी लावायची आमच्या आईची पद्धत होती, म्हणजे पावसाच्या तोंडाशी वेल पायावर उभा. ती आता आठ दिवसांवर आली आहे, त्यावर एखादा लेख अजून वेळेत होईल. नांदेड, नागपूर, सातारा, पणजी अशा गावच्या वाचकांनी आपापल्या मोगऱ्याची पहिली कळी कधी दिसली एवढं जरी कळवलं, तरी आपल्याला छापायला चांगला तक्ता मिळेल.

लेखकावर माझा राग नाही. त्यांना आमच्याकडच्या दोडक्याचं बी हवं असेल तर वेलावर एक फळ मुद्दाम वाळवायला ठेवलं आहे.

आपला वाचक,
एक निवृत्त जॉबर,
पूर्व भाग, सोलापूर

ता. क. : पत्र टाकायला निघालो तर बायको एक रिकामी कुंडी उपडी करत होती. तिची माती तिला पेटुनियाच्या डब्यात हवी होती, तिथे ती ओवा लावणार आहे. ती कुंडी रिकामी नाही, मे फ्लॉवरची आहे. दिवाळीनंतर पानं झडून गेली, तेव्हापासून नुसती माती दिसते. वरची माती बोटाने बाजूला केली तर आत कांद्याला हिरवट टोक आलं आहे. पुन्हा घोटाळा नको म्हणून मागावरची एक जुनी कांडी तिथे खोचून ठेवली आहे.