समासातली नावं

प्रिय लेकीस,

प्रभू येशूच्या नावात सलाम.

तुझं पत्र मिळालं. बाबांनीही वाचलं. तुमच्या अभ्यासगटातल्या त्या गृहस्थांबद्दल तू लिहिलं आहेस ते मला अजिबात खोटं वाटत नाही. ज्याला अध्यायच्या अध्याय पाठ आहेत तो माणूस घरच्यांशी इतका कठोर वागतो, कोणी चूक दाखवली की अंगावर येतो आणि वर वचनांचाच मारा करतो, हे बघून तुझा जीव तळमळला तर त्यात नवल नाही. अशा आंधळेपणाबद्दल प्रभू स्वतः किती कडक बोलला आहे ते मत्तयाच्या तेविसाव्या अध्यायात आहेच. तेव्हा तुला रागवायला मी हे पत्र लिहीत नाही.

पण तुझं पत्र पुन्हा वाचताना एक गोष्ट टोचत राहिली. तुम्ही इतके महिने योहानाच्या शुभवर्तमानाचा अभ्यास करत आहात. पत्रभर वचनं आहेत, संदर्भ आहेत, मूळ ग्रीक शब्दांची चर्चा आहे. त्यातलं एखादं वचन तुला स्वतःला काय म्हणालं, ते मात्र कुठेच नाही. सगळी वचनं त्यांच्याकडे वळलेली आहेत.

तुझं शाळेतलं बायबल अजून इथल्या कपाटात आहे. परवा चाळायला घेतलं. लाल पेन्सिलीच्या रेघा, आणि समासात बारीक अक्षरात नावं. नीतिसूत्रांत आळशी माणसाला मुंगीकडे पाठवलंय, तिथे दादाचं नाव. याकोबाच्या पत्रात जिभेचा अध्याय आहे, तिथे काकूंचं. करिंथकरांस पहिल्या पत्रात प्रीती फुगत नाही असं म्हटलंय, तिथे तर नावाखाली दोन रेघा. आणि स्वतःच्या पापाची कबुली देणाऱ्या स्तोत्र 51 चं पान कोरं. तेव्हा तू लहान होतीस, मी काही त्या वयाचा हिशेब मागत नाही. पण ही सवय वय वाढलं म्हणून आपोआप सुटत नाही. अभ्यास वाढला की ती उलट सफाईदार होते. पेन्सिल बाजूला पडते आणि नावं मनातल्या मनात लिहिली जातात.

मला सगळ्यात जास्त भीती वाटते ती या आंधळेपणाची. ज्याने कधी शास्त्र उघडलंच नाही त्याला निदान आपल्याला कळत नाही हे ठाऊक असतं. रोज उघडणाऱ्याला आपल्याला दिसतंय याची खात्री असते आणि त्या खात्रीआड बरंच काही लपून राहतं.

मत्तयाचा दुसरा अध्याय नाताळात इतक्यांदा ऐकतो की त्यातली एक गोष्ट सहज निसटते. पूर्वेकडून मागी लोक, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार, यरुशलेमेत आले. हेरोद राजाने मुख्य याजकांना आणि शास्त्र्यांना विचारलं, ख्रिस्ताचा जन्म कुठे व्हायचा आहे? त्यांनी अडखळत उत्तर दिलं नाही. यहूदीयातल्या बेथलेहेमात, असं सांगून त्यांनी मीखाचं वचनही म्हणून दाखवलं. उत्तर अगदी बरोबर होतं. बेथलेहेम तिथून जेमतेम 9 किलोमीटरवर, दोन-अडीच तासांची पायवाट. शेकडो कोस तुडवून आलेले परके लोक त्या वाटेने पुढे गेले. वचन सांगणाऱ्यांपैकी कोणी त्यांच्याबरोबर गेल्याचं मत्तय लिहीत नाही. त्यांच्या ज्ञानात खोट नव्हती, म्हणून तर त्यांच्या उत्तरावर विसंबून मागी लोक पोचले. आपल्या अभ्यासात बरोबर उत्तर मिळालं की आपण वही मिटतो, चहूकडून ‘आमेन’ येतं आणि उठून घरी जातो. तू गट चालवतेस म्हणून सांगते, तिथे थोडी थांबत जा. उत्तर सापडल्यावर जायचं कुठे, हा प्रश्न गटाला विचार. त्याआधी स्वतःला विचार.

आता दावीद. नाथानाची गोष्ट तू लहानपणापासून ऐकली आहेस, पण दुसऱ्या शमुवेलाचा बारावा अध्याय या वेळी माझ्यासाठी सावकाश वाच. बथशेबेसाठी दाविदाने तिच्या नवऱ्याला, उरीयाला, मारवून झालंय, ती वाड्यात आली आहे, मूलही जन्मलंय. म्हणजे मधे कितीतरी महिने गेले. दाविदाचं राज्य चालूच होतं. आणि नाथान संदेष्टा श्रीमंताने हिसकावलेल्या, गरीब माणसाच्या एकुलत्या एका मेंढीची गोष्ट सांगतो तेव्हा दावीद संतापतो. हा संताप ढोंग नव्हता. त्याला खरोखर त्या गरिबाची कणव आली. तो म्हणतो, ज्याने हे केलं तो मरणास पात्र आहे, त्याने मेंढी चौपट भरून दिली पाहिजे. हे चौपट आलं कुठून? निर्गम 22 मधून. चोरलेल्या मेंढराबद्दल चार मेंढरं द्यावीत असं नियमशास्त्रात आहे. म्हणजे आयुष्यातल्या सगळ्यात अंधाऱ्या काळात दाविदाला नियमशास्त्र नीट आठवत होतं, ते त्याने अचूक लागू केलं, आणि अन्यायाविरुद्ध त्याचं रक्तही तापलं. फक्त त्या गोष्टीत आपण कुठे आहोत तेवढंच त्याला दिसलं नाही.

मी या जागेवर फार वेळ थांबते, कारण आपण स्वतःला तपासायला ज्या खुणा वापरतो त्या सगळ्या इथे तोकड्या पडतात. मला वचन माहीत आहे, पापाची चीड येते, दुबळ्यांसाठी मन द्रवतं, म्हणजे माझं ठीक चाललंय असं आपण धरून चालतो. दाविदाकडे हे सगळं होतं. एकटा बसून तो आणखी वर्षभर स्तोत्रं म्हणत राहिला असता तरी त्याला ते दिसलं असतं असं मला वाटत नाही. ‘तो मनुष्य तूच आहेस’ हे त्याला दुसऱ्या माणसाच्या तोंडून ऐकावं लागलं.

तुला ‘अमेझिंग ग्रेस’ हे भक्तिगीत आवडतं. ते लिहिणाऱ्या जॉन न्यूटनची हकिगत पूर्ण माहीत करून घे. 1748 च्या मार्चमध्ये भर समुद्रात वादळात सापडल्यावर त्याने देवाचा धावा केला आणि पुढे तीच आपल्या पालटाची सुरुवात असं तो मानत आला. लोकांना पुष्कळदा वाटतं की त्याने त्यानंतर लगेच गुलामांचा व्यापार सोडला. तसं झालं नाही. त्यानंतर तो गुलामांच्या जहाजांचा कप्तान झाला. तो प्रार्थना करायचा, शास्त्र वाचायचा, रविवारी खलाशांना जमवून उपासना घ्यायचा, आणि खाली तळाशी माणसं बेड्यांत जखडलेली असायची. 1754 मध्ये त्याने समुद्र सोडला तो प्रकृती बिघडली म्हणून. 1764 मध्ये त्याला पाळकाची दीक्षा मिळाली. मी आंधळा होतो, आता मला दिसतं, ही ओळ असलेलं ते गीत 1773 च्या नवीन वर्षाच्या दिवसासाठी तयार झालं. आणि त्या व्यापाराविरुद्ध त्याचं पत्रक छापून आलं 1788 मध्ये. गीतानंतर पंधरा वर्षांनी, वादळानंतर चाळीस.

हे वाचून त्या गीताचा विटाळ मानू नकोस. मला ते यामुळे जास्तच खरं वाटतं. त्याला दिसू लागलं होतं हे खोटं नव्हतं, पण सगळं दिसत नव्हतं. बेथसैदाच्या आंधळ्याला प्रभूने पहिल्यांदा हात लावला तेव्हा माणसं झाडांसारखी दिसली, आणि दुसऱ्यांदा हात लागावा म्हणून तो जागचा हलला नाही. न्यूटनने निदान त्या पत्रकात आपला हात त्यात होता हे लपवलं नाही, आपली कबुली फार उशिरा येते आहे असं स्पष्ट लिहिलं आणि पुढे सरकारी चौकशीपुढे साक्षही दिली. पण मधली वर्षं ज्यांनी त्या जहाजांच्या तळाशी काढली त्यांची भरपाई कशानेच झाली नाही, हेही विसरू नये. आपल्या आंधळेपणाची किंमत बहुधा दुसरा कोणी तरी मोजत असतो. न्यूटनच्या भोवतीचे बहुतेक धार्मिक लोक त्या धंद्याला सभ्य मानत होते, म्हणून त्याला तो खुपला नाही. तुमच्या गटात सगळ्यांना एकमुखाने जे सभ्य वाटतं तिथे जरा जास्त वेळ बघ. ज्या पापाबद्दल कोणीच संदेश देत नाही, तिथेही.

योहानाचा नववा अध्याय तू पत्रात त्यांच्यासाठी वापरला आहेस, म्हणून त्याबद्दल थोडंसं. त्यात परूशी, म्हणजे नियमशास्त्र कसोशीने पाळणारे धर्मपुढारी, पुन्हा पुन्हा म्हणतात, आम्हाला ठाऊक आहे. येशूने ज्याला दृष्टी दिली तो जन्मांध माणूस म्हणतो, मला ठाऊक नाही, एवढंच ठाऊक आहे की मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं. तो येशूला आधी नुसता एक मनुष्य म्हणतो, मग संदेष्टा, शेवटी प्रभू म्हणून पाया पडतो. तो कसा पुढे सरकला ते बघ. त्या गृहस्थांना परूश्यांच्या रांगेत उभं करताना आपण आपोआप त्या आंधळ्याच्या जागी जाऊन उभे राहतो, आणि ती जागा आपल्याला कोणी दिली हे विचारत नाही.

पंडिता रमाबाईंची साक्ष तू वाचली आहेस. 1883 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या, जन्मभर शास्त्रांत मुरलेल्या त्या बाईंनी लिहून ठेवलं की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण ख्रिस्त सापडला नव्हता, आणि हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षं गेली. एवढी विदुषी, जिचं नाव सगळीकडे झालेलं, तिला हे जगापुढे मांडायला लाज वाटली नाही. पुढे त्यांनीच हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध बायबल मराठीत आणलं. तू भाषा शिकते आहेस याचा मला फार आनंद आहे, हे मुद्दाम लिहिते. माझं पत्र वाचून अभ्यास सैल करू नकोस. बिरुयाच्या लोकांनी पौलाचं बोलणंही रोज शास्त्रात तपासून पाहिलं आणि त्याबद्दल त्यांची वाखाणणीच झाली आहे.

याची दुसरी बाजूही आहे, कारण तुझा स्वभाव मला माहीत आहे. हे वाचून तू आता स्वतःलाच फाडून खायला बसशील. रात्र-रात्र आपलं मन उकरत बसणं हाही स्वतःभोवतीच फिरण्याचा प्रकार आहे, आणि त्याने दिसत काही नाही. पौल करिंथकरांना लिहितो, माझं मन मला दोष देत नाही, पण तेवढ्यावरून मी निर्दोष ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. आणि एवढं लिहून तो आपल्या कामाला लागतो. स्तोत्र 139 च्या शेवटी दावीद मला पारख म्हणून देवाला विनवतो. पारखण्याचं काम त्याच्याकडे दे. तू मात्र रोज एक असा भाग वाच जिथे तू कधीच रेघ मारलेली नाहीस, आणि वाचून झाल्यावर कोणाचंही नाव मनात न आणता बसून राहा. सुरुवातीला अवघड जाईल. मनात कोणाचं ना कोणाचं नाव येईलच.

आणि एक माणूस धर. तुझ्यापेक्षा वयाने मोठी, तुझं कौतुक करण्यात जिला काही रस नाही अशी एखादी बहीण. तिला परवानगी दे की मला दिसत नसेल ते तू सांगायचं. ती सांगेल तेव्हा लगेच खुलासा करायला जाऊ नकोस. शत्रूचं सगळं नष्ट करायची आज्ञा मोडलेल्या शौल राजाला शमुवेलाने विचारलं, मग ही मेंढरं का ओरडत आहेत, तर त्याच्याकडे उत्तर तयार होतं: लोकांनी ती तुझ्या देवाला यज्ञ करायला राखली आहेत. दाविदाकडे खुलासा नव्हता. मी पाप केलं आहे, एवढंच तो म्हणाला.

त्या गृहस्थांशी बोलायचं की नाही असं तू विचारलंस. बोल. आपल्या डोळ्यातलं मुसळ काढल्यावर दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ काढायला स्पष्ट दिसेल असं प्रभू म्हणतो, कुसळ तिथेच राहू दे असं म्हणत नाही. त्यांच्या घरच्यांना त्रास होतोय आणि तुला तो दिसतोय, तर गप्प बसणं प्रीती नव्हे. पण गटासमोर नको, एकट्याने गाठ. नाहीच ऐकलं तर पाळकसाहेबांना घेऊन जा.

पुढच्या महिन्यात रोमकरांस पत्र सुरू करताय म्हणालीस. एक सुचवते. पहिला अध्याय संपतो तिथे जगातल्या पापांची मोठी यादी आहे. ती वाचताना गट चांगलाच तापेल, सगळ्यांना कोणी ना कोणी आठवेल. तिथे प्रार्थना करून उठू नका. अध्यायांची ही विभागणी तेराव्या शतकातली आहे, पौलाने पत्र लिहून पाठवलं ते सलग. त्याच बैठकीत, न थांबता, दुसऱ्या अध्यायाचं पहिलं वचन वाचा, जे दुसऱ्याला दोष लावणाऱ्यालाच निरुत्तर करतं. मोठ्याने तू वाच. मग त्या संध्याकाळी काय झालं ते मला लिही, तुझ्यापुरतं.

बाबांचा आशीर्वाद.

तुझी,
आई