गोणपाटाचा नाताळ

वसई, 2 डिसेंबर

प्रिय वैशू,

तुझं पत्र मिळालं. सोसायटीतल्या पोरांकडून नाताळची सजावट करून घ्यायची, तीही वर्गणी न काढता, हे भलतंच आवडलं. सोबतची यादी मात्र निम्म्याहून जास्त खोडून टाक. चकचकीत गोळे, सोनेरी झिरमिळ्या, कापसाचा बर्फ, यातलं काही आणू नकोस. वसईत काय नि नाशकात काय, बर्फ पाहिलाय कुणी? आणि स्वस्त वस्तूवर चमकी ओतली की ती आणखी स्वस्त दिसते. ओबडधोबड आहे ते ओबडधोबडच राहू दे, त्यातच त्याचा तोरा असतो.

सुतळीचा मोठा गुंडा, वाण्याकडचं रिकामं गोणपाट, फेव्हिकॉल, जुनी बटणं आणि लाल सुती चिंध्या एवढं जमव. गोणपाटाचे तारे नि घंटा कापायच्या आधी खडूने आकार काढ, रेषेवर पाणी घातलेला फेव्हिकॉल ब्रशने लाव आणि खडखडीत वाळू दे. नाहीतर कात्री लागली की धागे सुटतात आणि पोरांच्या हातात नुसत्या दशा उरतात. मधोमध एक बटण, वर सुतळीचा फास, झालं. दोन तुकडे जोडून आत चिंध्या भरल्या तर आणखी छान, पण ते सुई हातात धरता येणाऱ्या मोठ्या मुलांनाच दे.

लहानांसाठी मिठाची कणीक. दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ आणि साधारण वाटीभर पाणी. पाणी हळूहळू घाल, गोळा पोळीच्या कणकेपेक्षा घट्ट हवा. मैद्याऐवजी गव्हाचं पीठ घेतलंस तर रंग भाजल्या मातीकडे झुकतो, मला तोच जास्त आवडतो. अर्धा सेंटीमीटर जाड लाट, वाटीने किंवा शंकरपाळ्याच्या कातणाने काप आणि ओली असतानाच स्ट्रॉने भोक पाड, वाळल्यावर पाडायला गेलं की तडकते. वरून शेवग्याचं पान किंवा जुन्या लेसचा तुकडा दाबला तर ठसा सुरेख उठतो. ओव्हन असेल तर 110 अंशांवर दोन-तीन तास, मधे एकदा उलटून. नसेल तर गच्चीवर जाळीखाली दोन-तीन दिवस. आंच वाढवून घाई करू नकोस, फुगे येतात.

आमच्या पालघर जिल्ह्याची म्हणून एक युक्ती सांगते. वाळलेल्या चकत्यांना गेरूचा हात दे आणि त्यावर पांढऱ्या रंगाने वारली पद्धतीने येशूच्या जन्माचा गोठा काढायला सांग. दोन त्रिकोणांची मारिया, दोन त्रिकोणांचा योसेफ, मधे बाळ. चित्रकला न येणाऱ्या पोरांनाही जमतं. शेवटी दोन्ही बाजूंनी वार्निश हवंच, कारण मीठ हवेतलं पाणी ओढतं आणि पावसाळ्यात या वस्तूंना घाम फुटतो. जानेवारीत कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात टाक, नाहीतर मुंग्या आणि झुरळं त्यांचा नाताळ करतील. आणि हे विसरू नकोस: तुझ्या मोत्यापासून या चकत्या उंचावर टांग. एवढं मीठ पोटात गेलं तर कुत्र्याला विषबाधा होते, मग धाव घ्यावी लागेल डॉक्टरकडे.

तारे मात्र पेंढ्याचेच कर. जर्मनीत आणि स्वीडनमध्ये काडाचे तारे झाडाला लावायची जुनी रीत आहे, आणि गव्हाणीत जन्मलेल्याच्या सणाला पेंढ्याइतकं शोभणारं दुसरं काही नाही. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 साली इटलीतल्या ग्रेच्चोला गोठा मांडला, तो गवत घातलेली गव्हाण, बैल आणि गाढव एवढ्यावरच. आमच्याकडे भात कापून झालेलं असतं, त्यामुळे पेंढ्याला तोटा नाही. तुला अख्खं गव्हाचं काड मिळालं तर ते अधिक चांगलं, जरा जाड असतं. अर्धा तास कोमट पाण्यात भिजव, नखाने उभी चीर देऊन उलगड आणि इस्त्री फिरव. दोन पट्ट्यांची फुली, त्यावर आणखी दोन पट्ट्यांची तिरपी फुली. मधे बोटाने दाबून धरायचं आणि लाल दोरा वरच्या पट्टीवरून, खालच्या पट्टीखालून असा फिरवत नेऊन मागे गाठ मारायची. टोकं तिरकी छाटली की तारा झाला.

दारावरच्या मोठ्या ताऱ्यासाठी दिवाळीच्या कंदिलांच्या कामट्या फेकल्या नसशील अशी आशा आहे. पाच-पाच सारख्या कामट्यांचे दोन पंचकोनी तारे बांध, एकावर एक ठेवून पाचही टोकं सुतळीने जखड आणि आतल्या पाच सांध्यांत आखूड काड्या आडव्या घाल, म्हणजे पोट फुगतं. वर पतंगाचा कागद. आत एलईडीचाच दिवा घाल, साधा बल्ब तापतो.

संत्र्याच्या चकत्यांचं विचारलं आहेस. आपलं संत्रं सालीपासून सुटं असतं, कापलं की फोडी निसटतात. चकत्या मोसंबीच्या कर आणि संत्र्याच्या सालीतून छोटे तारे काप. साली वाळताना वळतात, म्हणून पाट्याखाली ठेव. दालचिनीच्या कांडीला सुतळीने बांधलंस तर घरभर वास राहतो.

सुरूची फळं मी डबाभर पाठवते आहे. किनाऱ्यावर सडा पडलेला असतो, पैसा लागत नाही. उन्हात ठेवली की खवले उघडून बी गळतं, मग झाडाला लाव. काटेरी असतात, लहानांना आधी सांग.

कामट्या कमी पडल्या तर लगेच कळव, इथल्या बुरुडाकडून तासून घेते. आणि नाताळला येणार असशील तर सकाळीच ये, संध्याकाळी पाहुण्यांच्या गर्दीत बोलायला फुरसत नसते. येताना द्राक्षं आणू नकोस, अजून आंबट असतील. चिवडा आण, तिखटातला.

तुझी,
सेलिना