घरात खानावळ चालवणारी बाई कुठल्याच यादीत नव्हती

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

कोरोनात महिलांच्या छोट्या उद्योगांना सरकारनं कसा हात दिला, हा कालच्या अंकातला लेख वाचला आणि रात्री झोप लागली नाही, म्हणून सकाळचं काम बाजूला ठेवून लिहायला बसले. लेखात कोटींचे आकडे खूप आहेत पण त्यातलं बरंचसं कर्ज आहे हो. कर्ज फेडायचं असतं, मदत फेडायची नसते, एवढं तरी लेखकांनी वेगळं करून लिहायला पाहिजे होतं.

माझ्या जाऊबाई इथं बेळगावच्या वडगावात राहत्या घरात खानावळ चालवतात. भाऊजी गेल्यापासून घर त्याच्यावरच. पंचवीस-तीस कॉलेजची पोरं दोन वेळ जेवायची. २४ मार्च २०२० ला रात्री लॉकडाऊन जाहीर झाला आणि आठवड्याभरात सगळी पोरं गावाला, काहींचे पैसे द्यायचे राहिले ते राहिलेच, त्यांचंही काय चुकलं म्हणा, त्यांचे आई-बाप पण घरीच बसलेले. खानावळीचं कसं असतं, महिन्याच्या सुरुवातीला पैसे येतात त्यातूनच तांदूळ, तेल, गॅस भरायचा आणि महिना ओढायचा. वेगळं भांडवल म्हणून काही नसतंच. जेवण बंद झालं की तोच पैसा घरातल्या पोटाला लागतो आणि दोन महिन्यांत संपतो, वर दुकानदाराची उधारी.

६ मे २०२० ला आपल्या कर्नाटक सरकारचं मदतीचं पॅकेज जाहीर झालं ते आम्ही पेपरातच वाचलं. रिक्षा-टॅक्सीवाले, नाभिक, धोबी यांना ५,००० रुपये, हातमाग विणकरांना २,०००. त्यांना मिळालं ते बरोबरच झालं, आमच्या समोरच्या रिक्षावाल्या दादांच्या घरी पण तेव्हा चूल पेटायची पंचाईत होती. पण जाऊबाईंनी पेपर बघून विचारलं, यात आपण कुठे गं? म्हणून मास्क बांधून दोघी एका ऑफिसात गेलो. तिथल्या माणसानं लायसन मागितलं, नाही म्हटल्यावर म्हणाला, "मावशी, घरात जेवण करता तुम्ही, त्याला धंदा म्हणत नाहीत." मागं लाईनीतली माणसं ऐकत होती. पहाटे चारला उठून भाकऱ्या थापणाऱ्या, गॅसपासून भाजीपर्यंत सगळं रोखीनं घेणाऱ्या बाईला असं तोंडावर बोलायचं? त्या तिथं एक शब्द बोलल्या नाहीत, घरी येऊन रडल्या. मला ते अजून विसरता येत नाही आणि तुमचा लेख वाचून तेच सगळं परत वर आलं.

पुढच्या वर्षी १९ मे २०२१ ला दुसरं पॅकेज आलं, १,२५० कोटींचं. त्यात टेलर होते, घरकाम करणाऱ्या बायका होत्या, फेरीवाले होते, चांगली गोष्ट. खानावळवाली, पापड-मसालेवाली, ऑर्डरचे मांडे करून देणारी, या तेव्हा पण नव्हत्या. २०२० मध्ये केंद्र सरकारकडून जनधन खातं असलेल्या बायकांना महिना ५०० प्रमाणे तीन महिने मिळाले पण जाऊबाईंचं खातं साधं, म्हणून तेही नाही.

मग राहिलं कर्ज. फेरीवाल्यांचं १०,००० चं स्वनिधी कर्ज रस्त्यावर विकणाऱ्यांना, ह्या घरात बसून विकणार. उद्योगांसाठी सरकारी हमीवर बँकेचं जादा कर्ज द्यायची जी मोठी योजना काढली ती २९ फेब्रुवारी २०२० ला ज्यांचं कर्ज चालू होतं त्यांनाच. म्हणजे जिनं कधी कुणाचं देणं ठेवलं नाही तिला दार बंद. हप्ते पुढे ढकलले तरी व्याज चालूच. एक गोष्ट मात्र पटकन झाली, ऑगस्ट २०२० मध्ये बँकांना सोन्याच्या किमतीच्या ७५ ऐवजी ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा मिळाली. जाऊबाईंच्या पाटल्या तशाच गहाण गेल्या. कॉलेजं उघडली १७ नोव्हेंबरला, तीही अर्धवट, आणि व्याज त्याच्या कितीतरी आधी सुरू.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की अशा वेळी बाईच्या हातात रोख द्या, आणि धंदा बंद पडल्या पडल्या द्या. तेव्हा दहा हजार हातात आले असते तर उधारी फिटून पोरं परत आल्याबरोबर पातेलं चढलं असतं. तेव्हा कर्जावर ढकललेल्या बायकांनी गटागटानं छोटी कर्जं देणाऱ्या मायक्रो फायनान्स कंपन्यांची दारं धरली. एका गटाचं फेडायला दुसऱ्या गटाचं काढायचं हे आमच्याच गल्लीत बघितलंय मी, आणि शेवटी फेब्रुवारी २०२५ मध्ये वसुलीच्या जाचाविरुद्ध सरकारलाच वटहुकूम काढावा लागला. हे दोन्ही एकमेकांना जोडून बघा की.

पैसे पोचवता येत नाहीत असं आता कुणी सांगू नये. ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या गृहलक्ष्मी योजनेचे महिन्याचे २,००० थेट बायकांच्या खात्यात येतात, मागंपुढं होतात पण येतात. राहिला प्रश्न यादीचा. सरकारचे स्त्रीशक्ती बचत गट २००० सालापासून आहेत, कुठली बाई घरात काय करून विकते हे अंगणवाडीच्या ताईंना तोंडपाठ असतं. त्यांना त्याचे वेगळे पैसे देऊन आत्ताच यादी करा, पुढची साथ आल्यावर लायसन मागत बसू नका.

आणि जाता जाता, अर्ज आणि मोबाईलवरचे मेसेज सगळे कन्नडमध्येच येतात. भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांच्या वर असतील तिथं सूचना त्यांच्या भाषेत पण द्यायच्या असं ठरलेलं असताना वडगाव-शहापूरच्या, खानापूर-निपाणीच्या बायकांनी अजून किती दिवस शेजारच्या पोराला बोलवून वाचून घ्यायचं? त्यात बँकेचे मेसेज पण असतात, ते सगळ्यांना दाखवण्यासारखे नसतात.

तुमच्याकडे पण एक मागणं आहे. अशा योजनांची शेवटची तारीख आतल्या पानावर जाहिरातींच्या खाली कोपऱ्यात येते, ती पहिल्या पानावर, चार दिवस आधी छापा. बायका पेपर वाचतात, पण दुपारी, सगळं आवरल्यावर, आणि तोपर्यंत ऑफिस बंद व्हायला आलेलं असतं.

आपली नेहमीची वाचक,
वडगाव, बेळगाव