प्रमाणपत्राबरोबर ब्लोअरचा मीटरही पाहा

महोदय,

कारखान्याच्या फाटकावर 'आयएसओ १४००१' दिसले की तिथले सांडपाणी स्वच्छच असणार, असा समज होतो. १९९६ साली आलेले पर्यावरण व्यवस्थापनाचे हे आंतरराष्ट्रीय मानक प्रदूषणाची एकही मर्यादा ठरवत नाही. उद्दिष्टे स्वतः ठरवा, कायदा पाळा, नोंदी ठेवा, एवढेच सांगते. त्याचे प्रमाणपत्र घेतले जाते बहुधा ग्राहकासाठी. फोर्ड आणि जनरल मोटर्सने १९९९ मध्ये पुरवठादारांना ही अट घातली, तेव्हा सुटे भाग बनवणाऱ्यांपुढे पर्याय उरला नाही.

वीज, पाणी, रसायने यांत बचत होते, कारण तिथे पैसा वाचतो. सांडपाण्याचे तसे नाही. प्रमाणपत्रासाठीची तपासणी साधारण वर्षातून एकदा, तीही आधी कळवून. एरवी वीज वाचवायला एरेशन टाकीत, म्हणजे जिवाणू सांडपाण्यातील घाण खातात त्या टाकीत, हवा सोडणारा ब्लोअर रात्री बंद ठेवला, की जिवाणूंचे काम प्राणवायूविना मंदावते आणि सीओडी (पाण्यातील घाणीच्या रासायनिक विघटनाला लागणारा प्राणवायू) लिटरमागे २५० मिलिग्रॅमची मर्यादा ओलांडतो. म्हणून ब्लोअरला स्वतंत्र वीजमीटर हवाच. त्याचे रोजचे युनिट, सांडपाणी मोजणाऱ्या फ्लोमीटरचे आकडे आणि प्रक्रियेतून निघालेला गाळ उचलल्याच्या पावत्या शेजारी ठेवून पाहाव्यात. पाणी तेवढेच, युनिट आणि गाळ मात्र निम्मे, तर प्रक्रियेत खोट आहे. प्रदूषण नियंत्रण मंडळाने हे तिन्ही आकडे दरमहा लोकांसमोर मांडावेत, ही आमची आग्रहाची मागणी आहे.

– औद्योगिक सांडपाणी क्षेत्रातील काही तंत्रज्ञ, पुणे