डॉक्टर, तुम्ही बाबांबरोबर चाललात

आदरणीय डॉक्टर मॅडम,

समोर आभार मानायला गेले तर "अहो, कामच आहे ते" म्हणून तुम्ही विषय मिटवता. म्हणून बाबांच्या फुफ्फुसांचा आजार तुम्ही कसा ओळखलात, ते सगळ्यांदेखत लिहिते आहे. आता अडवता यायचं नाही.

बाबांच्या कोरड्या खोकल्याला आणि जिन्यावर लागणाऱ्या धापेला तुमच्याआधी बरीच नावं मिळाली होती. दमा, अ‍ॅलर्जी, हृदयाचं काहीतरी, आणि शेवटी सगळ्यांचं लाडकं "वय झालं आता". एका ठिकाणी बोटाला ऑक्सिमीटर लावून "97 आहे, उत्तम!" म्हणत आम्हाला वाटेला लावलं. बाबा तेव्हा खुर्चीत बसलेले होते. चालताना दम लागतो एवढीच तर त्यांची तक्रार होती, पण ती पुरती ऐकून घ्यायला सवड कुणाला?

तुम्ही पाठीवर अगदी खाली स्टेथोस्कोप ठेवलात आणि बराच वेळ ऐकत राहिलात. व्हेल्क्रोची पट्टी ओढून काढताना येतो तसा आवाज आहे, म्हणालात. नखं पाहिलीत. मग स्वतःच उठलात. "काका, चला, जरा बाहेर फिरून येऊ."

बाहेर रांग होती. हे काम मदतनिसाला सांगता आलं असतं. तुम्ही मात्र बाबांच्या अर्धं पाऊल मागे राहून चाललात, म्हणजे त्यांना तुमचा वेग गाठावा लागू नये. आकडा 86 वर आला तेव्हा तुम्ही त्यांना बसवलंत आणि ऑक्सिमीटर माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे वळवलात. "काका, तुम्ही म्हणत होतात ते खरं आहे." मॅडम, "मी उगाच कुरकुर करतो का गं?" हा प्रश्न त्यांनी त्यानंतर एकदाही विचारला नाही. औषध तर नंतर सुरू झालं.

पुढच्या तपासण्यांची जंत्री देत नाही. आजाराचं कारण शोधायला तुम्ही केलेली चौकशी मात्र लक्षात राहिली. घरी कबुतरं, पोपट, ओल, बुरशी? कामावर धूळ, अ‍ॅस्बेस्टॉस? सांधे आखडतात, तोंड कोरडं पडतं, थंडीत बोटं पांढरी होतात? अमिओडारोन किंवा नायट्रोफ्युरँटॉइनसारखी, फुफ्फुसांना बाधू शकणारी गोळी कधी घेतलीत? रक्ताच्या चाचण्यांतूनही संधिवाताच्या जातीचं काही निघालं नाही, तेव्हाच तुम्ही "कारण सापडत नाही" म्हणालात. आधीचे लोक न शोधताच तिथे पोहोचले होते! सीटी स्कॅन तुम्ही रेडिओलॉजिस्ट आणि संधिवाततज्ज्ञांसोबत बसून पाहिलात. फुफ्फुसांच्या तळाशी आणि कडेला फायब्रोसिसची, म्हणजे व्रणांनी फुफ्फुस घट्ट होण्याची, ठेवण इतकी स्पष्ट होती की बायोप्सीची, म्हणजे फुफ्फुसाचा तुकडा काढून तपासायची, गरज नाही, असं तुमचं तिघांचं ठरलं. या वयात तो धोका टळला, हेही उपकारच.

आधी कुणीतरी सुरू केलेलं स्टेरॉइड तुम्ही हळूहळू बंद केलंत. प्रेडनिसोन हे स्टेरॉइड, अ‍ॅझाथायोप्रिन आणि एन-अ‍ॅसिटिलसिस्टीन या औषधांचं त्रिकूट या आजारात फायद्याऐवजी घातक ठरतं, हे 2012 सालीच प्रसिद्ध झालेल्या चाचणीतून कळलं होतं, असं तुम्ही सांगितलंत. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. नव्या गोळ्यांबद्दलही गोड बोलला नाहीत. पिरफेनिडोन काय किंवा निन्टेडॅनिब काय, आजाराचा वेग कमी करतात, झालेले व्रण पुसत नाहीत. वाईट बातमी इतकी नीट सांगता येते हे आम्हाला माहीतच नव्हतं. हुशार डॉक्टर आम्हाला आधीही भेटले होते हो. पण समोरच्याचं खरं मानून तपासायला सुरुवात करणारं माणूस क्वचितच भेटतं, दवाखान्यात काय आणि बाहेर काय.

बाबांनी पिरफेनिडोन निवडलं आहे. या गोळीने ऊन बाधतं म्हणून उन्हात जाताना क्रीम लावायला सांगितलंत, त्यावर रोज कुरकुर चालते, पण लावतात. पुढच्या वेळी माझा भाऊ येईल. तो प्रश्न फार विचारतो, सांभाळून घ्या.

तुमच्या पेशंटची मुलगी